सरासरी खोटी म्हणायची, तर मोजून म्हणा

सोयाबीनची सोंगणी आटोपली, सुड्या मळणी यंत्राखालून गेल्या, की जानेफळच्या पारावर दर सालचा एक वाद रंगतो. मंडळाचे सरासरी उत्पादन हेक्टरी अमुक इतके आले, असा आकडा वरून खाली येतो. तो ऐकून एक जण म्हणतो, ‘‘आमच्या वावरात एकरी दोन क्विंटलचीबी झडती नाही, अन् हे म्हणून राह्यले सरासरी चांगली हाय!’’ दुसरा म्हणतो, ‘‘धुऱ्यावर उभं राहूनच लिहिलं असन, दुसरं काय!’’ तिसरा गप्प बसतो. त्याला यंदा बरे पिकलेले असते, पण चारचौघांत तसे म्हणायची सोय नसते. चार दिवस बोलणे होते, एक निवेदन तालुक्याला जाते, त्याची पोच मिळते आणि आकडा जिथल्या तिथे राहतो.

हा वाद एकट्या जानेफळचा नाही. घाटावर आणि घाटाखाली, साऱ्या वऱ्हाडात तो असाच चालतो. आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच की, या वादात शेतकऱ्याचे म्हणणे खरे असले तरी त्याची मांडणी कच्ची असते, आणि सरकारी आकडा पक्का दिसत असला तरी तो वाटतो तितका पक्का नसतो. दोन्ही गोष्टी तपासून पाहण्याची एक शास्त्रशुद्ध रीत आहे. ती पुस्तकात ‘गृहीतक चाचणी’ या जड नावाने येते. पण मॅट्रिकपर्यंतचे गणित आणि एक चांगला वजनकाटा एवढ्यावर ती गावात करता येते.

आकड्यावर काय टांगलेले आहे

मेहकर तालुक्यातले जानेफळ हे महसूल मंडळाचे ठिकाण. पंतप्रधान पीक विमा योजना खरीप २०१६ पासून लागू झाली. तीत एकेका शेतकऱ्याचे उत्पादन पाहत नाहीत, ठरवलेल्या विमा क्षेत्राची सरासरी पाहतात. मागच्या ७ वर्षांपैकी चांगल्या ५ वर्षांची सरासरी काढायची, तिला जोखीमस्तराने गुणायचे (महाराष्ट्रात तो ७० टक्के धरला गेला), की ‘उंबरठा उत्पादन’ मिळते. यंदाची सरासरी उंबरठ्याच्या खाली गेली तर भरपाई, वर राहिली तर हात हलवत परत.

उदाहरणादाखल समजा, उंबरठा हेक्टरी १० क्विंटल आहे आणि विमा रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये. सरासरी ९ क्विंटल आली, तर एका क्विंटलची तूट, म्हणजे दहावा हिस्सा, म्हणजे हेक्टरी ५,००० रुपये भरपाई. हीच सरासरी ११ लिहिली गेली, तर एक छदामही नाही. दोन क्विंटलचा फरक, आणि तो मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाला लागू.

महाराष्ट्रात २०२३ पासून एक रुपयात विमा होता. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत गेली आणि सोयाबीनसारख्या पिकाला विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याच्या खिशातून द्यावा लागू लागला. त्याच हंगामात स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचे नुकसान वगैरे वेगवेगळ्या वाटांनी मिळणारी भरपाई बाजूला ठेवून सारा भार पीक कापणी प्रयोगातून येणाऱ्या उत्पादनावर टाकला गेला. म्हणजे पूर्वी सरासरीचा आकडा दहा गोष्टींपैकी एक होता, तो आता मुख्य झाला. म्हणूनच त्याची झडती घेण्याचे महत्त्वही वाढले.

नजरेच्या अंदाजापासून चिठ्ठीपर्यंत

आपल्या आजोबांच्या काळी पिकाची मोजदाद नजरेने होई. चांगल्या सालचे पीक सोळा आणे धरायचे आणि यंदाचे त्याच्या किती आणे, ते पाहणाऱ्याने सांगायचे. तीच आणेवारी. पुढे ती पैसेवारी झाली. ५० पैशांच्या आत की बाहेर, यावर गावाचे टंचाईतले नशीब ठरू लागले. अमरावती विभागात आजही ३० सप्टेंबरला नजरअंदाज, ३१ ऑक्टोबरला सुधारित आणि ३१ डिसेंबरला अंतिम पैसेवारी जाहीर होण्याची रीत आहे. नजरेत अनुभव असतो हे खरे. पण महसूल वसूल करणाऱ्याच्या नजरेला पीक जास्त दिसते आणि सूट मागणाऱ्याच्या नजरेला कमी, हेही तितकेच खरे.

यावर उतारा म्हणून कापणी प्रयोग आले. बिहार-ओरिसात हबॅक नावाच्या सनदी अधिकाऱ्याने १९२३ ते १९२५ या काळात भाताची शेते डोळ्यांनी न निवडता नशिबाच्या फाश्यावर निवडून कापून पाहिली. आपल्या वऱ्हाडाचा मानही यात मोठा आहे. १९४२-४३ च्या हंगामात शेजारच्या अकोला जिल्ह्यात कापसावर असेच सर्वेक्षण झाले. डॉ. विनायक गोविंद पानसे आणि डॉ. कळमकर या संख्याशास्त्रज्ञांनी त्या कामावर लिहिलेले आहे. काळ्या रानातला पांढरा कापूस वेचून, तोलून, त्यावरून साऱ्या जिल्ह्याची सरासरी काढायची ही रीत देशात रुजवणाऱ्या आरंभीच्या ठिकाणांत आपला वऱ्हाड होता.

दुसरे नाव डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेला हा माणूस लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकला. गृहीतक चाचणीची मांडणी करणारे नेमन आणि इगॉन पिअर्सन तिथेच होते. परत येऊन सुखात्म्यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत कापणी प्रयोगांची घडी बसवली. १९४६ च्या सुमारास त्यांनी एक मोलाची गोष्ट दाखवून दिली. शेतात फार लहान तुकडा आखून कापला, तर उत्पादन खरे असते त्याहून जास्त येते. कारण सोपे आहे. दोरी टाकताना कडेवरची झाडे आत की बाहेर, असा प्रश्न येतो. कापणाऱ्याचा हात ती आत घेतो. तुकडा लहान असला की कड जास्त आणि पोट कमी, म्हणून चूकही मोठी. बेइमानी कोणाचीच नाही, तरी आकडा वाढतो. पानसे आणि सुखात्मे यांचे शेती संख्याशास्त्रावरचे इंग्रजी पुस्तक १९५४ साली परिषदेने काढले आणि कृषी विद्यार्थ्यांच्या किती पिढ्या त्यावर शिकल्या.

या इतिहासाचा धडा असा की, सरासरीवर शंका घेणे हा काही सरकारद्रोह नव्हे. ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांनी स्वतःच तिच्या आकड्यांवर शंका घेतली, मोजून घेतली, आणि म्हणून ती सुधारली.

‘माझे वावर’ हा पुरावा नव्हे

आता आपल्या बाजूच्या चुका आधी पाहू. ‘माझ्या वावरात एकरी दोन क्विंटल’ हे वाक्य खरे असेल, पण त्याने मंडळाची सरासरी खोटी ठरत नाही. आपल्याकडे एका शिवारात भारी काळी जमीन आहे, तशी माळाची बरडही आहे. एकाला ओलिताची सोय, दुसरा आभाळाच्या भरवशावर. एकाच मंडळात हेक्टरी ३ क्विंटलचे वावर असू शकते आणि १६ चेही. सरासरी ११ असली, तरी ३ वाला खोटा नाही आणि ११ चा आकडाही खोटा नाही.

दुसरी चूक याहून मोठी. तक्रारीसाठी आपण ज्यांचे बुडाले त्यांचीच नावे गोळा करतो. शंभर बुडालेल्यांची यादी केली, तरी ती बुडालेल्यांचीच यादी, मंडळाची नव्हे. समोरचा अधिकारी ती बाजूला सारतो, आणि खरे सांगायचे तर त्याचे चुकत नाही.

आकड्याला आव्हान द्यायचे असेल, तर मंडळाचा प्रतिनिधी म्हणता येईल असा नमुना हवा, आणि तो कोणाच्याही मर्जीने निवडलेला नको. ना आपल्या, ना साहेबाच्या.

चाचणी कशी करायची

कोर्टाचे उदाहरण घ्या. आरोपी निर्दोष आहे असे धरून खटला चालतो. पुरावा इतका जड निघाला की निर्दोष मानणे अशक्य व्हावे, तरच शिक्षा. इथेही तसेच. ‘मंडळाची सरासरी ११ क्विंटल आहे’ हा दावा आधी खरा धरायचा. याला शून्य गृहीतक म्हणतात. मग विचारायचे: हा दावा खरा असता, तर आपण मोजले तितके कमी उत्पादन निव्वळ योगायोगाने हाती येण्याचा संभव किती? तो संभव शंभरात पाचाहून कमी निघाला, तर योगायोगाची सबब चालत नाही आणि दावा नाकारायला आधार मिळतो. ही पाचाची मर्यादा मोजायच्या आधी ठरवायची, आकडे पाहून मागाहून नाही. आणि आपली शंका ‘कमी आहे’ एवढीच आहे, हेही आधीच लिहून ठेवायचे.

पहिले काम निवडीचे. वाद मंडळाच्या सरासरीचा असेल, तर फक्त जानेफळची शेते घेऊन भागणार नाही. मंडळातल्या सर्व गावांची सोयाबीनची गट नंबरवार यादी हवी. २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाल्याने अशी यादी करणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. एक एकर सोयाबीनला एक चिठ्ठी, या हिशेबाने चिठ्ठ्या करा. म्हणजे मोठ्या क्षेत्राचा वाटा मोठा राहील. भरल्या सभेत लहान पोराच्या हाताने १६ चिठ्ठ्या काढा. ज्याचे नाव आले त्याचे वावर, मग ते सरपंचाचे असो की भूमिहीनाने बटईने केलेले. ‘हे नको, दुसरे काढा’ असे एकदा जरी झाले, तरी पुढचा सगळा खटाटोप मातीमोल.

दुसरे काम मोजणीचे. वावरातली जागाही चिठ्ठीनेच ठरवा: धुऱ्यापासून इतकी पावले लांब, इतकी आत. सरकारी प्रयोगात त्या पिकाला जेवढा चौकोन आखतात तेवढाच आखा, लहान नको. सुखात्म्यांनी त्याचा धोका दाखवून ठेवला आहे. कापणी, मळणी, आणि शेंगेतला दाणा नीट वाळल्यावर वजन. ओल्या मालाचे वजन एकाने आणि वाळल्याचे दुसऱ्याने केले, तर त्या तुलनेला अर्थ नाही.

आता हिशेब. पुढचे आकडे समजावण्यासाठी आम्ही घेतले आहेत, कोणत्याही एका हंगामाचे नाहीत. समजा १६ वावरांत हेक्टरी क्विंटलमध्ये उत्पादन असे आले:

७, १३, ४, १०, १६, ५, ८, १४, ३, ११, ६, १२, ९, ५, १४, ७

बेरीज १४४. सोळाने भागले, सरासरी ९. जाहीर आकडा ११. फरक २ क्विंटलचा. पण हा फरक मोठा की लहान, हे नुसते पाहून कळत नाही. त्यासाठी शेताशेतांतला पसारा मोजावा लागतो. प्रत्येक आकड्यातून ९ वजा करा, येईल त्याचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा: २४० येतात. त्याला एक कमी सोळाने, म्हणजे १५ ने भागा: १६. त्याचे वर्गमूळ ४. हे झाले प्रमाण विचलन. म्हणजे एकेक वावर सरासरीपासून साधारण ४ क्विंटल इकडेतिकडे आहे.

एकेक वावर ४ ने हलते, पण सोळा वावरांची सरासरी तितकी हलत नाही. कमीजास्त एकमेकांना खाऊन टाकते. किती हलते ते काढायला ४ ला सोळाच्या वर्गमुळाने, म्हणजे ४ ने, भागा. उत्तर १ क्विंटल. ही प्रमाण त्रुटी. आपला फरक २ क्विंटल, त्रुटी १, भागाकार २.

हा भागाकार किती असला म्हणजे पुरे, याचा तक्ता संख्याशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकाच्या शेवटी असतो. तो विल्यम गॉसेट या माणसाच्या कामावर उभा आहे. डब्लिनच्या गिनेस मद्य कारखान्यात जवाची प्रत तपासताना हाती मोजकेच नमुने असत. थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढायचा कसा, हे त्याने १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडले. म्हणजे ही चाचणीही मुळात धान्याच्या पोत्यातूनच निघाली आहे. सोळा नमुन्यांसाठी तक्ता सांगतो, १.७५ च्या वर हवा. आपला २ आहे. सरासरी खरोखर ११ असती, तर चिठ्ठीने निवडलेल्या सोळा वावरांत इतके कमी उत्पादन शंभरात सुमारे तीनच वेळा आले असते. तेव्हा ११ चा दावा नाकारायला आधार आहे.

चार वावरांची गोष्ट

आता हेच सगळे फक्त चार वावरांवर करा. समजा सरासरी तीच ९, पसारा तोच ४. पण आता ४ ला चाराच्या वर्गमुळाने, म्हणजे २ ने भागायचे. त्रुटी २ क्विंटल. भागाकार १. चार नमुन्यांना तक्ता २.३५ मागतो. आव्हान फसले! फरक तितकाच, पसारा तितकाच, केवळ मोजलेली वावरे कमी.

इथे एक गोष्ट साऱ्यांनी पक्की ध्यानात ठेवावी. आव्हान फसले म्हणजे ११ चा आकडा खरा ठरला, असे नाही. पुरावा अपुरा होता, एवढेच ठरले. कोर्टातून संशयाचा फायदा मिळून सुटलेला माणूस निष्पाप असतोच असे नाही, तसेच हे. ‘तुमची तक्रार सिद्ध झाली नाही, म्हणून आमचा आकडा बरोबर’ असे कोणी लिहून दिले, तर ते शास्त्राला धरून नाही.

सरकारी आकडाही नमुनाच

आता दुसऱ्या बाजूला वळू. वरच्या हिशेबात आम्ही जाहीर ११ हा दगडावरचा आकडा धरला. पण तोही काही वावरे कापूनच काढलेला असतो. योजनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत महसूल मंडळासाठी किमान १० आणि ग्रामपंचायत हे विमा क्षेत्र असेल तर मुख्य पिकाला किमान ४ प्रयोग सांगितले आहेत. दहा वावरे, पसारा ४ असेल, तर त्या ११ ची स्वतःची त्रुटी सव्वा क्विंटलच्या वर जाते. मग आपले सोळा आणि त्यांचे दहा, दोन्हींची अनिश्चितता मिळवली की त्रुटी सुमारे १.६ होते, भागाकार १.२५ च्या आसपास येतो आणि आपले आव्हान पुन्हा लंगडे पडते. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण कच्च्या हिशेबावर गावाने मोर्चा नेला, तर तो पहिल्याच जाणकार अधिकाऱ्यापुढे कोसळेल. दोन्ही बाजूंनी पंचवीस-पंचवीस वावरे झाली असती आणि फरक व पसारा तेवढाच राहिला असता, तर मात्र तो फरक चाचणीत टिकला असता.

पण याच हिशेबाची दुसरी धार पाहा. उंबरठा १०, जाहीर सरासरी ११. अंतर एका क्विंटलचे. आणि त्या आकड्याची त्रुटी सव्वा क्विंटलची! म्हणजे मंडळाची खरी सरासरी उंबरठ्याच्या वर आहे, हे दहा प्रयोगांनी तरी कुठे सिद्ध होते? शेतकऱ्याने आकडा खोटा आहे हे सिद्ध करायचे, आणि सरकारी आकड्याला मात्र सिद्धतेची अटच नाही, हा तराजू सरळ म्हणता येत नाही. चूक दोन प्रकारची होऊ शकते. पीक चांगले असताना भरपाई गेली, तर कंपनीचे आणि सरकारी तिजोरीचे नुकसान. पीक बुडाले असताना भरपाई नाकारली, तर ज्याने बियाणे-खतासाठी सोसायटीचे कर्ज काढले त्याचे. दोन्ही चुका टाळाव्यात, पण दुसरी कोणाच्या घरात शिरते हे विसरू नये.

विमा कंपनीला कापणी प्रयोगाच्या वेळी आपला माणूस हजर ठेवण्याचा अधिकार योजनेत आहे, आणि उत्पादनाच्या आकड्यावर आक्षेप घेण्याची वाटही आहे. कंपन्या ही वाट वापरतात. त्यांच्याकडे संख्याशास्त्र जाणणारी माणसे पगारावर आहेत. गावाकडे नाहीत, म्हणून गावाने हे थोडेसे तरी शिकले पाहिजे.

गावाने आणि कर्मचाऱ्यांनी काय करावे

प्रयोग करणारे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक यांना आम्ही खलनायक समजत नाही. त्यांची पदनामे अलीकडे बदलली; ते ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी झाले, पण अंगावरचा कामाचा बोजा तोच आहे. ऐन सोंगणीच्या आठवड्यात सारे प्रयोग एकदम येतात, मजूर मिळत नाही, शेतकरी आधीच कापून मोकळा झालेला असतो. त्यांना दोष देण्यापेक्षा त्यांच्या शेजारी उभे राहणे अधिक कामाचे. प्रयोगाच्या वेळी सरपंच, पोलीस पाटील आणि गावचे चार शेतकरी हजर असले, दोरी सरळ पडली, काटा सर्वांना दिसला, तर निम्मे वाद तिथेच मिटतात. ज्याचे वावर चिठ्ठीत निघाले त्याने निरोप येण्याआधी कापणी करू नये, हीही गावाचीच जबाबदारी.

आमच्या मागण्या तीन आहेत आणि त्यांना फार पैसा लागत नाही. एक, नुसती सरासरी जाहीर करू नये. प्रत्येक प्रयोगाचे गाव, गट नंबर, तारीख आणि वजन ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे. मोबाईलवरच्या ॲपमध्ये ही नोंद फोटोसह जातेच. ती गावालाही दिसावी. दोन, सरासरीशेजारी तिची प्रमाण त्रुटी छापावी, म्हणजे आकडा किती भक्कम आहे हे ज्याचे त्याला समजेल. तीन, सरासरी उंबरठ्याच्या इतकी जवळ येईल की त्रुटीत फरक बुडून जावा, अशा मंडळांसाठी प्रयोगांची संख्या पुढच्या हंगामापासून वाढवावी.

गावाच्या स्वतःच्या मोजणीने विमा कंपनी उद्या पैसे देईल, असे खोटे आश्वासन आम्ही देत नाही. भरपाईसाठी धरला जातो तो सरकारी आकडाच. पण तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या तक्रार निवारण समितीपुढे ‘आम्हाला वाटते’ असे म्हणत जाणे वेगळे, आणि चिठ्ठीची यादी, पंचांच्या सह्या, सोळा वजने आणि त्यांचा हिशेब घेऊन जाणे वेगळे. दुसऱ्या माणसाला नुसती पोच देऊन वाटेला लावता येत नाही. मात्र गावाने एक पथ्य पाळावे: मोजणीत सरासरी ११ च्या आसपास निघाली, तर तीही तितक्याच मोकळेपणाने जाहीर करावी. आणि वीस मंडळांनी अशी मोजणी केली, तर सगळे दावे खरे असूनही एखाद्या ठिकाणी निव्वळ योगायोगाने आकडा खोटा ठरल्यासारखा दिसेल, कारण शंभरात पाच ही मर्यादाच तशी आहे. तेव्हा एकाच सालच्या निकालावर कोणाला चोर म्हणू नये. दोन-तीन हंगाम फरक एकाच दिशेने पडत राहिला, तर मग आवाज चढवावा.

हे सारे पीक उभे आहे तोवरच होते. मळणी झाल्यावर वावरात मोजायला काही उरत नाही, आणि बाजारात गेलेल्या कट्ट्यांवरून चिठ्ठीचा नमुना निघत नाही. म्हणून हा विषय सोंगणीनंतरच्या पारावरचा नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेचा आहे. त्या सभेत ठराव घ्यावा, जानेफळने मंडळातल्या बाकीच्या गावांना निरोप धाडावा, सप्टेंबरात यादी आणि चिठ्ठ्या कराव्या, हायस्कुलातल्या गणिताच्या गुरुजींना हिशेबाला बसवावे. खर्च म्हटला तर एक दोरी, एक काटा आणि सोळा जणांची एकेक दिवसाची मजुरी. हेक्टरी हजारो रुपयांचा निकाल ज्या आकड्यावर लागतो, तो तपासून पाहायला एवढा खर्च जास्त नाही.